आक्कांची पाण्याची भीती

"नात केवढी आहे? त्या मापाचा दाखवतो," दुकानदार म्हणाला.

"नात तेरा वर्षांची आहे. पण पोहायला मी जाणार आहे," आक्का म्हणाल्या. "माझ्या मापाचा दाखवा."

दुकानदाराने एकदा आक्कांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काहीतरी खुलासा करीन अशी त्याची अपेक्षा असावी. मी काय खुलासा करणार? आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. साठी उलटलेली, अंगाने सडसडीत, बारा महिने इरकली साडी आणि घराबाहेर पाऊल टाकताना दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर. त्यांच्यासाठी पोहण्याचा पोशाख मागणं म्हणजे देवळात जाऊन बूट मागण्यासारखं होतं.

"हा बघा आजी," त्याने एक पुडकं सोडलं. "गुडघ्याच्या खाली पँट, कोपरापर्यंत बाह्या, कमरेला झालर. मोठ्या बायका हाच नेतात."

"झालर नको. पायात येते," आक्का म्हणाल्या. "साधा द्या. आणि हिच्या मापाचाही एक द्या."

"मला कशाला?" मी म्हणाले. "मी काठावर बसेन की तुमच्याजवळ."

"काठावर बसून मला बुडताना बघणार होय? तू पाण्यात पाहिजेस. मला पाण्याची भीती वाटते."

दुकानदार आता उघड उघड हसायला लागला होता. आक्कांनी त्याच्याकडे दुर्लक्ष करून दोन टोप्या निवडल्या. माझ्यासाठी काळी आणि स्वतःसाठी झगझगीत गुलाबी.

या गोष्टीला आता पंधराएक वर्षं झाली. आम्ही तेव्हाही सांगलीतच राहत होतो. माझे यजमान सुकुमार यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणूक आली की पोस्टरं. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि त्याच वर्षी मला पर्यवेक्षिका केलं होतं. थोरली नुपूर आठवीत, धाकटा शंतनू तिसरीत. सकाळी साडेसातला मुलांची शाळा, मग माझी शाळा, मग नुपूरची शिकवणी, शंतनूचा तबला, भाजी, दळण, पाहुणे. रात्रीची जेवणं सुकुमार छापखान्यातून येतील तेव्हा. कधी दहा, कधी त्याच्याही पुढे. आक्का तेवढ्या दिवेलागणीपूर्वी जेवून घ्यायच्या आणि आम्हाला ताटावर पेंगताना बघत बसायच्या.

माझं काही बिघडलंय असं मला वाटत नव्हतं. सगळ्यांचं असंच चालतं, असंच वाटायचं. आपण कधी बसून जेवलो, हे मात्र आठवायला लागायचं.

डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन होतं. पडद्यामागे मी पाचवीच्या मुलींना रांगेत उभं करत होते. तेवढ्यात माझी छाती अशी धडधडायला लागली, की मला वाटलं बाहेरच्या लोकांना ऐकू जाईल. हात गार पडले. श्वास अर्ध्यातच अडकायला लागला. मी एका लाकडी झाडाच्या देखाव्याला धरून खाली बसले. मुली "बाई, बाई" करत रडायला लागल्या. कोणीतरी रिक्षा आणली.

ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. दोन दिवसांनी डॉक्टर कुडचे बाईंनी सगळे कागद बाजूला ठेवले. माझ्याबरोबर आक्का होत्या.

"हृदय उत्तम आहे तुमचं," डॉक्टर म्हणाल्या. "गोळी देत नाही. झोप किती तास?"

मी सांगितलं.

"जेवण?"

तेही सांगितलं.

"स्वतःसाठी दिवसातला किती वेळ काढता?"

मी हसले. मला खरंच हसू आलं. "डॉक्टर, आंघोळ धरली तर दहा मिनिटं."

त्या हसल्या नाहीत. "हा ताण आहे. आज नुसती धडधड झाली. असंच चालू ठेवलंत तर पुढच्या वेळी गोळ्या घेऊनच घरी जाल. रोज एक तास शरीर हलवायचं. वेळेवर जेवायचं, वेळेवर झोपायचं. आणि त्या तासात घरचं कुठलंही काम करायचं नाही."

"एक तास कुठून आणू?"

"ते मला नका विचारू," डॉक्टर म्हणाल्या. "घरी विचारा."

रिक्षात बसल्यावर आक्कांनी माझा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला.

मी प्रयत्न केला, नाही असं नाही. सकाळी फिरायला जायला लागले. पण फिरायला निघालीच आहेस तर येताना दूध आण, कोपऱ्यावरून कोथिंबीर आण, असं होत होत चौथ्या दिवशी मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धापा टाकत घरी आले. मग गच्चीवर योगासनं सुरू केली. शवासनात पडले की खालून हाक यायची, "आई, माझा दुसरा मोजा?" मी डोळे मिटूनच सांगायचे, "कपाटात, खालच्या कप्प्यात, डावीकडे." संक्रांतीपर्यंत चटई गुंडाळून माळ्यावर गेली होती. धडधड आणखी दोनदा झाली. घाबरतील म्हणून मी कोणाला सांगितलं नाही. न्हाणीघरात नळ सोडून बसून राहिले.

आणि एका रात्री आक्कांनी जाहीर केलं, "माझ्या गुडघ्यांना पाण्यातला व्यायाम सांगितलाय. तलावावर बायकांची वेगळी वेळ असते म्हणे, सकाळी सहा ते सात. मी नाव घालून आलेय. पद्मजाचंही घातलंय."

सुकुमार जेवत होते. त्यांचा घास तसाच राहिला. "सहा ते सात? आणि डबे?"

"तू आहेस की."

"मी?"

"का? हात नाहीत तुला? छापखान्यात एवढी मोठी यंत्रं चालवतोस, तवा काय त्याहून अवघड आहे?"

"पण आक्का, पद्मजा कशाला? मी रिक्षा लावून देतो तुम्हाला."

आक्कांनी भांडं खाली ठेवलं. "या वयात अनोळखी पाण्यात मी एकटी उतरू? बुडाले म्हणजे?"

सासूचे गुडघे आहेत, सासूला भीती वाटते, सुनेने सोबत जायचं आहे. कामाच्या यादीत आणखी एक काम वाढलं, असं मी मनाशी म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही त्या दुकानात गेलो.

फेब्रुवारीतली सकाळ. पाणी गार होतं. बायकांच्या तुकडीला शिकवायला कांचन घोरपडे म्हणून होत्या. चाळिशीच्या, रुंद खांद्यांच्या, गळ्यात शिट्टी. मोबाईल कपाटात ठेवून कुलूप लावायचं, हा त्यांचा पहिला नियम. मला घाम फुटला. घरी गॅस पेटलेला, आणि माझ्याजवळ फोन नाही!

आक्का गुलाबी टोपी घालून उथळ भागात उतरल्या आणि कडेच्या धरायच्या नळीला दोन्ही हातांनी घट्ट चिकटल्या.

"आजी, हात सोडा, मी आहे," कांचनबाई म्हणाल्या.

"नाही बाई. पद्मजा, माझ्याजवळ उभी राहा."

मी त्यांच्याजवळ उभी राहिले. पाच मिनिटं झाली असतील, मला राहवेना. शंतनूच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण गळत होतं, दुसरी बाटली घे म्हणून सांगायचं राहिलं होतं. "आक्का, मी एक मिनिटात फोन करून येते," म्हणून मी पायरीकडे वळले. तेवढ्यात मागून किंकाळी आली.

"अगं पद्मजा! पाय घसरला माझा! धर, धर!"

मी धावत, म्हणजे पाण्यातून जमेल तशी, परत आले. त्यांनी माझा दंड पकडला तो काही केल्या सोडेनात. सगळ्या बायका बघायला लागल्या. त्या दिवशी मी तीनदा बाहेर पडायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा आक्कांचा पाय घसरला.

घरी आलो तर स्वयंपाकघरात रणांगण झालं होतं. ओट्यावर कणीक, जमिनीवर कणीक, सुकुमारांच्या चष्म्यावर कणीक. मुलं शाळेत गेलेली.

"डब्यात काय दिलंत?" मी विचारलं.

"ब्रेड-जाम," ते म्हणाले. "पोळ्या केल्या होत्या. पण शंतनू म्हणाला, बाबा, हा कुठल्या देशाचा नकाशा?"

मला आक्कांच्या गुडघ्यांची काळजी होती, शाळेतल्या प्रात्यक्षिक परीक्षांची होती, आणि तरी मी हसत सुटले. हसता हसता खुर्चीत बसले. किती दिवसांनी, ते मला सांगता येणार नाही.

पुढचे काही दिवस असेच गेले. मला बाहेर पडू द्यायचं नाही असा आक्कांनी चंगच बांधला होता, आणि मला तो भित्रेपणा वाटत होता. त्यांना काठाला चिकटलेलं बघून कांचनबाईंनी त्यांचा नाद सोडला आणि मला धरलं. "तुम्ही रिकाम्या उभ्या आहात तर शिका की."

मी पाय मारायला शिकले. पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायला शिकले. आणि मग एके दिवशी कांचनबाईंनी मला उताणं झोपवलं, पाठीखाली हात धरला आणि म्हणाल्या, "मान सोडा. मान सोडल्याशिवाय शरीर तरंगत नाही."

"सोडलीय."

"नाही सोडलेली. कोणीतरी हाक मारेल म्हणून उचलून धरलीय तुम्ही."

मी मान सोडली. कान पाण्याखाली गेले. आणि एकदम सगळं बंद झालं. शिट्टी नाही, बायकांच्या गप्पा नाहीत, रस्त्यावरचे हॉर्न नाहीत. फक्त माझा श्वास, आत आणि बाहेर. वर फिकट आभाळात एक घार फिरत होती. मला या क्षणी कोणी काही मागू शकत नाही, असं माझ्या मनात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. तलावात ते कोणाला दिसणार?

कांचनबाईंनी हात केव्हा काढून घेतला ते मला कळलंही नाही.

त्यानंतर घरातल्या गोष्टी आपोआप सरकायला लागल्या. पहाटे उठायचं तर लवकर झोपायला पाहिजे, म्हणून जेवणं आक्कांच्याच वेळेला, दिवेलागणीपूर्वी व्हायला लागली. सुकुमार कुरकुरले, पण सकाळी डबे त्यांनाच करायचे असल्यामुळे त्यांनाही लवकर उठणं भाग होतं. पहिल्या दोन-तीन दिवसांतच त्यांनी छापखान्यातली संध्याकाळची कामं दुपारी ओढून घेतली. आता सगळे एकाच वेळी ताटावर बसायला लागलो. टीव्ही कोणी बंद केला असं नाही. बोलण्यात त्याचा आवाज ऐकू येईना, म्हणून नुपूरनेच एकदा तो बंद केला. ती स्वतःची वेणी स्वतः घालायला लागली होती. सुकुमारांच्या पोळ्यांचे देश हळूहळू गोल होत होते. मला रात्री अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागायची. धडधड झाली नाही.

पण मार्च उजाडला तशी गडबड वाढली. लग्नसराई जोरात, आणि सुकुमारांचा यंत्रावरचा माणूस नेमका गावी जाऊन बसला. इकडे शाळेत दहावीच्या परीक्षेचं केंद्र, आणि त्याची अर्धी जबाबदारी माझ्यावर. एका संध्याकाळी जेवताना सुकुमार हळूच म्हणाले, "पद्मजा, परवापासून काही दिवस मला सातला छापखाना उघडावा लागेल. सकाळचं कसं करायचं?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते खरंच दमले होते. मी लगेच म्हणाले, "मी थांबते ना. तसंही मला परीक्षा आहेत. उद्याचा एक दिवस जाते, कांचनबाईंना सांगून येते."

"आणि मी?" आक्कांनी विचारलं.

"तुम्ही जा ना, आक्का. आता सगळ्या बायका ओळखीच्या झाल्यात. रोज रिक्षा लावून देऊ."

"मी एकटी जाणार नाही," आक्का म्हणाल्या आणि त्यांचं कधी नव्हे ते जेवण अर्धं राहिलं.

मला त्यांचा थोडा राग आला. साठी उलटलेल्या बाईने असा किती हट्ट करायचा!

दुसऱ्या दिवशी तलावावर कांचनबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाता जाता एकदा आडवं पार करून जा. जमतंय तुम्हाला. खोल भागातून, या काठापासून त्या काठापर्यंत. मी बघते."

मी निघाले. चार हात मारले, आठ मारले, छान चाललं होतं. मध्यावर आले आणि का कोण जाणे, एकदम आठवलं. परीक्षेच्या बैठक व्यवस्थेचा तक्ता मुख्याध्यापिकाबाईंना आज सकाळी द्यायचा होता, आणि तो मी अजून केलेला नव्हता. तेवढं आठवायला आणि छातीत धडधड सुरू व्हायला एकच गाठ पडली. तीच ती, पडद्यामागची. हात गार. श्वास अर्ध्यात. मी पाय खाली टेकायला गेले तर खाली काहीच नव्हतं. तोंडात पाणी गेलं. मी हात वर केला. कांचनबाई दुसऱ्या टोकाला एका नव्या मुलीला पाण्यातून वर घेत होत्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

पुन्हा खाली गेले, पुन्हा वर आले. हिरवं पाणी, आभाळ, हिरवं पाणी.

आणि मग माझ्या काखेतून एक हात आला. बारीक पण पक्का. त्याने मला एका झटक्यात उताणं केलं आणि कानाशी आवाज आला, "पाय झाडू नको. वर बघ. मान सोड. सोड म्हणते ना!"

मी मान सोडली. कोणीतरी मला पाठीमागून ओढत नेत होतं. झटके नाहीत, घाई नाही, एकसारखं. काठ हाताला लागला तेव्हा मी खोकत खोकत मागे वळून बघितलं. शेजारी गुलाबी टोपी होती.

"आक्का?"

आक्का एका हाताने काठ धरून दुसऱ्या हाताने माझ्या पाठीवर थापट्या मारत होत्या. तोवर कांचनबाई सूर मारून पोचल्या होत्या. त्या आधी माझ्याकडे आणि मग आक्कांकडे बघायला लागल्या.

"आजी, तुम्हाला पोहता येतं?"

"येतं की," आक्का धापा टाकत म्हणाल्या. "न यायला काय झालं?"

काठावरच्या बाकावर कांचनबाईंनी आम्हा दोघींना टॉवेलात गुंडाळून बसवलं. माझे दात वाजत होते. आक्का टोपी काढून पांढरे केस पिळत होत्या. एखादी चोरी पकडली जावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"केव्हापासून येतं?" मी विचारलं.

"लहानपणापासून. आमच्या मळ्यात विहीर होती. आबांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून आत ढकललं आणि काठावर उभं राहून हसत बसले. दोन दिवसांत डबा सोडला मी. माझ्या तिन्ही भावांपेक्षा खोल बुडी मारायचे."

"मग इतके दिवस ती नळी धरून..."

"दंड भरून आले माझे," आक्का म्हणाल्या. "पोहता येत असताना न पोहणं सोपं आहे होय?"

मला हसावं की रडावं कळेना. "आणि तुमचे गुडघे?"

"दुखतात थोडे. त्यांचं काय एवढं?"

"मग हे सगळं कशाला केलंत, आक्का?"

त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. मग बोलायला लागल्या. "सुकुमार दहा वर्षांचा होता तेव्हा मलाही होत होतं. हेच, तुझ्यासारखं. छातीत धडधड, हात गार. घरात चौदा माणसं. मी मोरीत जाऊन बसायचे, नळ सोडून." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू संक्रांतीच्या वेळी बसली होतीस तशीच. मला बाहेरून कळलं. तुला वाटलं असेल कोणाला कळत नाही."

मी टॉवेल खांद्यांभोवती आणखी ओढून घेतला.

"त्या वेळी त्याला काही नाव नव्हतं. डॉक्टरकडे कोण नेणार? मी चिडचिडी झाले, मुलांना मारायला लागले. सगळे म्हणायचे, आक्का तापट आहे. माझी समजूतही तशीच झाली. डॉक्टर बाई तुला समजावून सांगत होत्या ना, तेव्हा मला माझं कळलं. एवढ्या वर्षांनी. म्हटलं, या घरात हे पुन्हा होऊ द्यायचं नाही."

"मग मला सरळ सांगायचंत. पद्मजा, पोहायला जा म्हणून."

"गेली असतीस?" आक्का हसल्या. "फिरायला गेलीस, चार दिवस. गच्चीवर गेलीस, आठ दिवस. स्वतःसाठी म्हटलं की तुझा पाय उंबऱ्यातच अडकतो. माझ्यासाठी मात्र तू एक दिवस चुकवला नाहीस. म्हणून माझं दुखणं पुढं केलं. भीती वाटते म्हटलं, म्हणजे तू पाण्यातून बाहेर पडणार नाहीस."

शेजारून कांचनबाईंनी शिट्टी वाजवली. त्यांना सूचना द्यायची होती की डोळे लपवायचे होते, मला सांगता येणार नाही.

घरी आलो तेव्हा सुकुमार पोळी लाटत होते आणि मुलं दप्तरं पाठीला लावून उभी होती. मी दारातूनच सगळं सांगितलं. पाय टेकले नाहीत, तोंडात पाणी गेलं, इथपर्यंत आले तेव्हा सुकुमार लाटणं टाकून पुढे आले आणि मला धरून उभे राहिले. मग त्यांनी आक्कांकडे बघितलं.

"तुम्हाला पोहता येतं? आणि मला एवढ्या वर्षांत ठाऊक नाही?"

"तू विचारलंस कधी?"

"पण मला का नाही शिकवलंत? शाळेत सगळी पोरं नदीत उड्या मारायची आणि मी काठावर कपडे सांभाळत बसायचो!"

"तेव्हा मला ओले केस वाळवायला वेळ नव्हता, बाळा," आक्का म्हणाल्या. "सासरी आल्यापासून मी पाण्यात उतरले ती आंघोळीला, बस्स."

शंतनू एवढा वेळ आ वासून ऐकत होता. "आजी, तू आईला वाचवलंस? सिनेमासारखं?"

"सिनेमात ओरडतात. मी ओरडले नाही."

मग सुकुमार खाली बसले. छापखान्याचं कसं करायचं, याचा विचार करत असतील असं मला वाटलं. मी म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका. मी थांबणारच आहे."

"थांबायचं नाही," ते म्हणाले. "यंत्र मी साडेआठला लावेन. पत्रिका एक दिवस उशिरा गेल्या म्हणून कोणाचं लग्न मोडत नाही." मग जरा लाजून म्हणाले, "आणि खरं सांगू का, आता मलाच ही सकाळ सोडवत नाही. आठ वर्षांचा झाला हा, आणि याला काय काय सुचतं ते मला आत्ता कळतंय. पोळी लाटता लाटता मी रोज ऐकतो."

"बाबा, पोळी जळतेय," नुपूर म्हणाली.

बैठक व्यवस्थेचा तक्ता मी त्या दिवशी शाळेत जाऊन केला. मुख्याध्यापिकाबाईंना तो दुपारी मिळाला. त्यांनी सकाळचा म्हणून विचारलंसुद्धा नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना सांगितलं, की केंद्राचं अर्धं काम दुसऱ्या कोणाला तरी द्या, मला एवढं झेपत नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, मग आधी का नाही बोललात? शिंदे बाई कधीच्या मागतायत."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले, पिशवी भरली आणि आक्कांच्या खोलीत डोकावले. त्या पांघरुणातच होत्या.

"आक्का, उशीर होतोय."

"मी आज येत नाही. तू जा."

"बरं नाही का? मग मी पण..."

त्या उठून बसल्या. "मला ठणठणीत बरं आहे. आता माझ्यासाठी जायचं नाही. तुझं तू जा. उद्या मी येईन, ती माझी मी येईन. तू बुडलीस तर काढीन, पण हात धरून उभी राहणार नाही."

मी एकटी गेले. रिक्षात बसल्यावर सारखं काहीतरी विसरलंय असं वाटत होतं. हळूहळू लक्षात आलं, बरोबर कोणी नाही, कोणाचं निमित्त नाही, म्हणून तसं वाटतंय. मी खोल भागाच्या काठावर उभी राहिले. कांचनबाई पाण्यातच थांबल्या होत्या, मी ज्या बाजूने जाणार त्या बाजूला. मी निघाले. मध्यावर छाती धडधडायला लागली, तशी मी उताणी झाले, मान सोडली, श्वास जागेवर येईपर्यंत आभाळ बघितलं, आणि मग उरलेलं अंतर पार केलं. काठ हाताला लागल्यावर मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या रांगेतली बाई दचकली.

आणि तिसऱ्या दिवशी आक्का आल्या. मी पायरीवर बसून टोपी घालत होते. त्यांनी साडी बदलली, बाहेर आल्या, आणि पायरीकडे न येता थेट खोल भागाच्या कट्ट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. कांचनबाई काही म्हणायच्या आत दोन्ही हात डोक्यावर जोडून त्यांनी सूर मारला. पाणी फारसं उडालंसुद्धा नाही. लांब, खूप लांब जाऊन त्या वर आल्या आणि पोहायला लागल्या. एक हात, दुसरा हात, मळ्यातल्या विहिरीत त्या मुलीने मारले असतील तसेच. एका टोकाला जाऊन वळल्या, परत आल्या, पुन्हा वळल्या.

या सगळ्यात त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मीही मग पाण्यात उतरले.